शिकवणारी परीक्षेला बसते: एलसॅटच्या तयारीच्या नोंदी

१८ ऑगस्ट

नोव्हेंबरच्या एलसॅटला, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला, नाव घातलं. इतकी वर्षं ही परीक्षा दुसऱ्यांकडून करून घेतली. यंदा लॉ स्कूलला अर्ज माझाच आहे. नोंदणी करताना एक कलम मान्य करावं लागतं, जे माझे विद्यार्थी न वाचताच पुढे जातात: ही परीक्षा प्रवेशासाठीच देत आहे. म्हणजे 'आतून कशी असते बघू तरी' म्हणून शिकवणाऱ्यांनी बसायची सोय नाही. माझा अर्ज खरा असल्यामुळे बिनधास्त टिक केलं.

पेपरची रचना एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदी समजतील. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे चार सेक्शन. गुण धरतात ते तीनच: लॉजिकल रीझनिंगचे (छोट्या युक्तिवादांवरचे प्रश्न) दोन आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा (उतारे वाचून उत्तरं) एक. चौथ्याचे गुण धरत नाहीत, पुढच्या परीक्षांसाठीचे प्रश्न त्यात तपासून घेतात. पण तो कुठला हे उमेदवाराला कळत नाही. दोन सेक्शननंतर दहा मिनिटांची सुट्टी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. निकाल १२० ते १८० या पट्टीवर.

२० ऑगस्ट

पहिली अडचण अशी की माझ्यापाशी कोरी प्रश्नपत्रिकाच जवळपास उरलेली नाही. एलसॅक, म्हणजे परीक्षा घेणारी संस्था, जुन्या प्रश्नपत्रिका लॉहब या आपल्या संकेतस्थळावर सरावाला देते. त्यांना प्रेपटेस्ट म्हणतात. मोफत खात्यात मोजक्या, पैसे भरले की पन्नासच्या वर. विद्यार्थ्याच्या दृष्टीनं हा खजिना. मी मात्र यातल्या बहुतेक इतक्या वेळा समजावून सांगितल्यात की उताऱ्याची पहिली ओळ वाचली की बरोबर पर्याय डोळ्यांसमोर येतो. पाठ असलेल्या पेपरात मिळालेल्या गुणांना काय अर्थ?

२०२४ मध्ये नवा नमुना आला तेव्हा जुन्या संचांची फेरजुळणी होऊन त्यांना १०१ पासून नवे क्रमांक मिळाले. क्रमांक नवा, प्रश्न ओळखीचे. त्यातल्या दीडशेच्या पुढच्या काही मी वर्गात कधी घेतल्याच नाहीत. केवळ आळसानं, पण तो आता पथ्यावर पडला. त्या हात न लावता ठेवायच्या आणि पुरवून वापरायच्या. जुन्या संचांवर फक्त सुटे व्यायाम.

२३ ऑगस्ट

कोरी प्रेपटेस्ट, घड्याळ लावून, स्क्रीन रेकॉर्ड करत. वाचनाचा भाग ठीक. लॉजिकल रीझनिंगच्या दोन्ही सेक्शनमध्ये शेवटचे प्रश्न डोळे झाकून टिचकी मारून संपवले.

रेकॉर्डिंग पाहिलं. एका सेक्शनमध्ये पंचवीसच्या आसपास प्रश्न, वेळ पस्तीस मिनिटं. म्हणजे प्रश्नाला साधारण ८४ सेकंद. सुरुवातीचे दहा सोपे प्रश्न त्याच्या अर्ध्या वेळात व्हायला हवेत, तरच शेवटच्या जड प्रश्नांना दोन-अडीच मिनिटं मिळतात. मी काय केलं? चौथ्या प्रश्नाला 'ब' वर बोट ठेवलं, 'ब' बरोबरच होता, आणि तरी पडद्यावर काहीच हलत नाही. उरलेले चार पर्याय का चूक आहेत याची मनातल्या मनात शिकवणी चालली होती. समोर विद्यार्थी असल्यासारखी!

वर्गात पाचही पर्यायांचा हिशेब द्यावाच लागतो. विद्यार्थी फी त्याचीच देतो. परीक्षेत कोणी हिशेब मागत नाही. या तयारीतलं खरं काम हेच दिसतंय: स्पष्टीकरण पुरं व्हायच्या आत प्रश्न सोडायला शिकणं.

२७ ऑगस्ट

आज काम कमी, उसासे जास्त. कपाट आवरताना लॉजिक गेम्सच्या फाइली सापडल्या.

नव्या उमेदवारांना हा प्रकार ऐकूनच माहीत. सात जणांना एका रांगेत बसवा, अमुक तमुकाच्या शेजारी नको, ढमुक तिसरा असेल तर पाचवा कोण. आकृती काढली की प्रश्न पटापट सुटायचे. आकृती काढता आली पाहिजे, हीच त्यातली मेख. दृष्टिहीन उमेदवारांच्या दाव्यात २०१९ मध्ये एलसॅकनं तडजोड केली, या विभागाला पर्याय शोधण्याचं मान्य केलं, आणि जून २०२४ च्या परीक्षेनंतर तो गेला. त्या ऑगस्टपासून त्याच्या जागी लॉजिकल रीझनिंगचा दुसरा सेक्शन.

निर्णय योग्यच होता. न दिसणाऱ्या माणसाला आकृती काढायला लावून त्याची वकिलीची पात्रता ठरवणं हा काय न्याय? पण शिकवणारी म्हणून रुखरुख आहे. परीक्षेतला सर्वांत शिकवता येण्याजोगा भाग तोच होता. दोन-तीन महिन्यांत विद्यार्थी अडखळत येऊन सफाईनं बाहेर पडायचा आणि श्रेय मला मिळायचं. लॉजिकल रीझनिंगमध्ये सुधारणा होते, पण अशी डोळ्यांदेखत होत नाही. आता गुणांचा दोन तृतीयांश भाग लॉजिकल रीझनिंगवरच आहे.

फाइली रद्दीत दिल्या. एक ठेवली.

२ सप्टेंबर

गृहीतकाचे प्रश्न. रोज थोडे, घड्याळाशिवाय.

प्रेपटेस्टमधले प्रश्न इथे उतरवायचे नाहीत, ते त्यांच्या मालकीचे. म्हणून त्याच साच्यात स्वतः एक रचला:

'या खोऱ्यात सापडलेली प्राचीन भांडी ज्या मातीची आहेत, तिच्यातली खनिजं खोऱ्यात कुठेच आढळत नाहीत. तेव्हा ही भांडी दुसरीकडे बनून व्यापारातून इथे आली असली पाहिजेत.' हा युक्तिवाद कशावर अवलंबून आहे?

वाचताक्षणी फट दिसते: माती बाहेरून आणून भांडी इथेच घडवली असतील तर? छान. आता पर्यायांमधले दोन बघा. एक म्हणतो, 'खोऱ्यातल्या लोकांना मातीची भांडी घडवता येत नव्हती.' दुसरा म्हणतो, 'दुसरीकडून येऊन खोऱ्यात वसलेल्या लोकांनी ही भांडी सोबत आणली नव्हती.'

पहिला पर्याय आपल्याला सापडलेल्या फटीच्या अगदी जवळचा, म्हणून गोड वाटतो. पण तो उलटा करून पाहा: लोकांना भांडी घडवता येत होती. येऊ देत की! ही विशिष्ट भांडी तरीही व्यापारातून आलेली असू शकतात. युक्तिवाद जिवंत राहतो, म्हणजे त्याला या गृहीतकाची गरज नव्हती. दुसरा उलटा करा: वसाहत करायला आलेल्यांनी भांडी सोबत आणली. संपलं, व्यापार गेला. उत्तर दुसरा.

गंमत अशी की दुसऱ्या पर्यायातली फट आपण पाहिलेलीच नव्हती. एका युक्तिवादात अशा दोन-तीन फटी सहज असतात. (इथे तिसरीही आहे: ती खनिजं आज नाहीत, पूर्वीही नसतील कशावरून?) वर्गात मी सांगत आले, 'पर्याय वाचण्याआधी फट शोधा.' ते चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. फट सापडली की मेंदू दार लावून घेतो आणि मग तीच फट पर्यायांत शोधत बसतो. शिकवणाऱ्यांचा मेंदू तर जास्तच, कारण आपल्याला सुचलेलं उत्तर बरोबर निघण्याची आम्हाला सवय असते.

वहीत नियम लिहिला: एक फट दिसली की पुढे जा, दुसरी शोधत बसू नकोस. पर्याय उलटा करून बघ, न दिसलेली फट तोच दाखवेल.

९ सप्टेंबर

ब्लाइंड रिव्ह्यू. पद्धत जुनीच: वेळ लावून सेक्शन सोडवायचा, शंकेचे प्रश्न खूण करून ठेवायचे, आणि उत्तरपत्रिका न उघडता ते पुन्हा निवांत सोडवायचे. पहिल्यांदा चुकलं आणि निवांतपणी जमलं तर घड्याळाचा दोष. दोन्ही वेळा चुकलं तर समजुतीचा. विद्यार्थ्यांना हे सक्तीनं करायला लावते आणि ते सक्तीनं टाळतात, कारण निकाल लगेच बघायचा मोह भारी असतो. मोह मलाही होतो हे आता कळलं.

माझे जवळजवळ सगळे दोष घड्याळाच्या रकान्यात. अपेक्षितच.

१० सप्टेंबर

चुकांच्या वहीचे रकाने बदलले. विद्यार्थ्यांना दिलेल्या तक्त्यात 'प्रश्नाचा प्रकार' हा पहिला रकाना असतो: गृहीतक, दोष, समांतर युक्तिवाद, विरोधाभास, तत्त्व वगैरे. तक्ता दिसतो शास्त्रशुद्ध, पण महिनाअखेरीला त्यातून निघतं एवढंच की 'दोषाचे प्रश्न चुकतात'. पुढे काय करायचं?

आता एकच वाक्य लिहिते: चुकीचा पर्याय निवडताना मनात नेमकं काय आलं होतं. 'निष्कर्षात “बहुतेक” होतं, मी “सगळे” वाचलं.' 'कारण उलट दिशेनंही असू शकतं हे सुचलं नाही.' 'पर्याय खरा वाटला, पण विचारलं होतं भलतंच.' ही वाक्यं पुन्हा पुन्हा येतात आणि प्रश्नांच्या प्रकारांना जुमानत नाहीत. तेवढ्यावर काम करता येतं.

१९ सप्टेंबर

समांतर युक्तिवादाचे (दिलेल्या युक्तिवादासारखीच रचना असलेला पर्याय शोधायचे) लांबलचक प्रश्न शेवटी ठेवायचे. एवढंच.

२४ सप्टेंबर

वाचनाचा भाग. चार संच, सत्तावीसच्या आसपास प्रश्न. संचाला पावणेनऊ मिनिटं. कायदा, विज्ञान, समाजशास्त्र, कला-साहित्य अशा क्षेत्रांतले विषय, आणि एका संचात दोन लेखकांचे दोन छोटे उतारे जोडीनं. विषयाचं ज्ञान असण्याची गरज नाही. कधीकधी ते आडवंच येतं, कारण उताऱ्यात नसलेली माहिती आपण मनानं भरतो.

उताऱ्यावर रंगीत खुणा करायची सोय पडद्यावर असते. माझे काही विद्यार्थी अर्धा उतारा पिवळा करतात आणि मग पिवळ्यात शोधत बसतात. मी फक्त एकच गोष्ट अधोरेखित करते: मत कोणाचं ते जिथे बदलतं ती जागा. 'काही अभ्यासकांच्या मते' इथे एक माणूस बोलायला लागतो, 'तथापि' पाशी दुसरा. लेखक स्वतः तर पुष्कळदा एखाद्या विशेषणात लपून बसलेला असतो. संशोधकांचा निष्कर्ष सांगता सांगता त्याला 'काहीसा घाईचा' म्हणून लेखक पुढे निघून जातो, आणि दोन परिच्छेदांनंतर प्रश्न येतो: लेखकाची भूमिका काय? 'ठाम विरोध' हा पर्याय तिथे असतोच, आणि तो चूक असतो. 'काहीसा' म्हणणारा माणूस ठाम विरोध करत नसतो. अशा प्रश्नांत मला सौम्य शब्दांचा पर्याय आधी तपासायची सवय आहे आणि ती क्वचितच दगा देते.

वाचनात माझं शिकवणं आड येत नाही, उलट मदतच होते. कारण उघड आहे: उतारा समजावून सांगताना जे करते तेच वाचतानाही करायचं असतं.

३० सप्टेंबर

तासाला एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, नोव्हेंबरचा पेपर सोपा असतो म्हणतात, खरं का? मग मी जानेवारी सोडून नोव्हेंबरलाच बसते."

हा प्रश्न दर हंगामाला येतो. बरोबर उत्तरांची संख्या थेट निकालात येत नाही, ती १२० ते १८० च्या पट्टीवर बसवली जाते, आणि बसवताना त्या पेपरचा कठीणपणा हिशेबात धरलेला असतो. पेपर जड असेल तर त्याच गुणांसाठी थोडी कमी बरोबर उत्तरं पुरतात. शेजारी बसलेली मुलं हुशार निघाली म्हणून आपले गुण घसरत नाहीत. सोपा महिना शोधण्यात अर्थ नाही. आपली तयारी कुठल्या महिन्यात पुरी होते ते बघायचं. शिवाय 'एकदा बसून तर बघू' हेही महागात पडू शकतं. गुण ग्राह्य धरतात त्या कालखंडात पाच वेळा आणि आयुष्यभरात सात वेळा, यापलीकडे बसता येत नाही. सात पुष्कळ वाटतात खरे, पण लॉ स्कूलला पाठवलेल्या अहवालात आधीच्या परीक्षाही दिसतात.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीसुद्धा भरपूर तयारी करूनच जाणार?" म्हटलं, बाई गं, तुझ्यापेक्षा जास्त घाबरून जाणार आहे.

८ ऑक्टोबर

कोरी प्रेपटेस्ट. नवा नियम लावला: पर्यायावर बोट पडलं आणि उलटा करून पाहिला की पुढचा प्रश्न. सुरुवातीला अक्षरशः चुकल्यासारखं वाटतं. प्रश्न मागे उघडाच राहिलाय, कोणीतरी येऊन विचारेल 'मग क का नाही?' आणि माझ्याकडे उत्तर नसेल. पण दोन्ही सेक्शन वेळेत संपले. शेवटचे जड प्रश्न वाचून सोडवले.

ज्यांचं पुरतं स्पष्टीकरण माझ्यापाशी नव्हतं त्यातले बहुतेक बरोबर निघाले. याचा जरा रागच आला.

१५ ऑक्टोबर

'बहुतेक' आणि 'काही' यांचा सराव. बहुतेक वकील अशील निवडतात, बहुतेक वकील रात्री काम करतात. तेव्हा अशील निवडणाऱ्यांपैकी काही जण रात्री काम करतातच, कारण एकाच गटातले दोन 'अर्ध्याहून जास्त' एकमेकांवर पडल्याशिवाय राहत नाहीत. पण बहुतेक वकील वाचक आणि बहुतेक वाचक चष्मेवाले, यातून वकिलांच्या चष्म्याबद्दल काहीही निघत नाही. ही दोन रूपं जोडीनं घोटली की पुरे. बाकी चिन्हांची मांडामांड लॉजिक गेम्सबरोबरच कालबाह्य झाली असं माझं मत. काही सहकारी अजून मुलांना पानभर बाण काढायला लावतात. वेळ जातो.

२४ ऑक्टोबर

थकवा. दोन दिवस काहीच केलं नाही. विद्यार्थ्यांना मी हा सल्ला देते तेव्हा त्यांना तो पटत नाही.

३० ऑक्टोबर

परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. सगळ्यांना घरून देता यायची तेव्हा कॅमेऱ्यातून पर्यवेक्षक खोली बघायचा, टेबल मोकळं लागायचं, मध्येच कोणी डोकावलं की पंचाईत. केंद्रावर निदान इंटरनेटची काळजी आपली नाही. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहिलं.

४ नोव्हेंबर

नवीन काही नाही. एक जुना सेक्शन, तोही फक्त पहिले दहा प्रश्न, वेग अंगात राहावा म्हणून. दीडशेच्या पुढची एक प्रेपटेस्ट कोरीच राहिलीय. ती आता उघडून उगाच आत्मविश्वास घालवायचा नाही.

७ नोव्हेंबर

झाली.

पेपरात काय होतं ते इथे लिहिता येणार नाही. प्रश्न बाहेर न सांगण्याचं लेखी मान्य केलेलं असतं, आणि मी ते पाळणार. प्रक्रियेबद्दल एवढंच: घड्याळ पडद्यावरून लपवलं होतं, पाच मिनिटं उरल्याची सूचना तशीही येते. सुट्टीत पाणी प्यायले आणि कोणाशी बोलले नाही. विनागुणांचा सेक्शन कुठला असेल याचा अंदाज बांधायला मन एकदा धावलं होतं. जड लागलेला सेक्शन 'तोच असणार' असं वाटणं सगळ्यांत धोक्याचं, कारण मग हात सैल पडतो. आवरलं.

एका प्रश्नाला दोन पर्यायांत अडकले. दोन्ही उलटे करून पाहिले, एक निवडला, पुढे गेले. का निवडला ते आत्ताही नीट सांगता येणार नाही, आणि कोणाला सांगायची परवानगीही नाही.

१० नोव्हेंबर

लेखी भाग उरकला. हा वेगळा द्यायचा असतो, आपल्याच संगणकावर, आणि तो झाल्याशिवाय निकाल हाती येत नाही. पहिल्यांदा बसणारे नेमके हेच विसरतात. वादाचा एक मुद्दा, त्यावरचे वेगवेगळे दृष्टिकोन. पंधरा मिनिटं टिपणं काढायला, पस्तीस मिनिटं लिहायला. गुण नाहीत, पण लेख लॉ स्कूलकडे जातो. मी आधी विरोधी दृष्टिकोनातला सर्वांत मजबूत मुद्दा टिपून घेतला आणि लेख त्याच्याभोवती बांधला. इथे मात्र हिशेब पुरता द्यावा लागतो.

१३ नोव्हेंबर

परीक्षेनंतरचा पहिला तास. "मॅडम, काय काय आलं होतं?" सगळ्यांचे कान टवकारलेले. सांगता येत नाही म्हटल्यावर चेहरे पडले. एकानं वेगळ्या वाटेनं प्रयत्न केला: "निदान उतारे कशावर होते तेवढं?" तेवढंही नाही.

मग शिकवण्यात काय बदलणार ते सांगितलं. आजवर मी प्रश्न आधी घरी सोडवून यायचे आणि वर्गात पाचही पर्याय उलगडायचे. मुलांना तयार विचार दिसायचा, चाललेला विचार कधी दिसलाच नाही. आता तासाचा पहिला भाग असा: प्रश्न मलाही नवा, घड्याळ चालू, मी मोठ्यानं विचार करत सोडवणार आणि ८४ सेकंदांनी थांबणार, उत्तर हाती असो वा नसो. स्पष्टीकरण नंतर, सगळ्यांनी मिळून.

उरलेली कोरी प्रेपटेस्ट त्यासाठीच काढली. पहिल्याच प्रश्नाला मी 'ड' म्हटलं, मागच्या बाकावरून 'अ' आलं. उत्तरपत्रिका अजून उघडलेली नाही, वाद पुढच्या तासाला.